विश्वाचा ‘आरंभ’ म्हणजे नेमके काय? आधी शब्द ठरवू या

गोदातीर
रविवार, रात्री ९.१०

गेल्या रविवारी गंगापूर रोडवर आमच्या वाचनमंडळाची बैठक झाली. विश्वोत्पत्तीवर दोन तास चर्चा चालली आणि शेवटी सगळेच थोडे हिरमुसून घरी गेले. एका सभासदांचे म्हणणे होते की विश्वाला आरंभ आहे, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. दुसऱ्यांचे म्हणणे होते की असा आरंभ असूच शकत नाही, कारण जे मुळात नाही ते कधी होत नाही. परतताना माझ्या लक्षात आले की पहिले गृहस्थ ‘आरंभ’ म्हणताना एका अतिशय तप्त आणि दाट अवस्थेबद्दल बोलत होते, तर दुसऱ्यांच्या मनात ‘काहीही नव्हते आणि मग सारे झाले’ असा अर्थ होता. वाद विश्वाविषयी नव्हताच, एका शब्दाविषयी होता, आणि तो शब्द कोणत्या अर्थाने वापरायचा हे कोणीच विचारले नाही. मीही विचारले नाही, याची मला खंत वाटते.

मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. ‘विश्वाचा जन्म महास्फोटाने झाला’ हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. आज ते वाक्य वाचताना त्यातला एकही शब्द मला पुरेसा स्पष्ट वाटत नाही. ‘विश्व’ म्हणजे आपल्याला दिसू शकणारे विश्व की असेल नसेल ते सर्व? ‘जन्म’ म्हणजे नव्याने अस्तित्वात येणे की एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे? आणि ‘महास्फोट’ हा तर खरोखरीचा स्फोटच नव्हे.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला ही अडचण लवकर कळावी. गोदावरीचा उगम कोठे, असे विचारले तर आपण ब्रह्मगिरीकडे बोट दाखवतो. तेथे गेल्यावर कोणी डोंगरमाथ्यावरची जागा दाखवतो, कोणी गंगाद्वार, कोणी खाली कुशावर्त. ते पाणी त्याआधी पावसात होते, पाऊस समुद्रावरून आला होता, आणि ज्या काळ्या खडकातून ते झिरपते तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तरीही ‘गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते’ हे विधान खोटे ठरत नाही, कारण उगम म्हणजे पाण्याची निर्मिती असे कोणी समजत नाही. ज्या ठिकाणापासून त्या प्रवाहाला नदी म्हणता येते ते ठिकाण, एवढाच त्याचा अर्थ आहे. विश्वाच्या बाबतीत आपण ‘उगम’ आणि ‘निर्मिती’ हे दोन अर्थ सतत एकमेकांत मिसळतो.

म्हणून या धाग्यावर कोणता सिद्धांत बरोबर हे ठरवण्याआधी चार शब्दांचे अर्थ निश्चित करावेत, अशी विनंती आहे: विश्व, आरंभ, शून्य आणि कारण. ज्यांचा जो अभ्यास असेल त्यांनी त्या बाजूने लिहावे.

खोडदच्या वाटेवर
रविवार, रात्री १०.३५

सर, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी खगोलभौतिकीचा विद्यार्थी आहे. नाशिक–पुणे रस्त्याने जाताना नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची वाट लागते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत आणि दूरच्या हायड्रोजनचे क्षीण संकेत ऐकणे हे त्यांचे एक मुख्य काम आहे. त्या रस्त्यानेच मला या विषयाची ओढ लावली.

‘महास्फोट’ या शब्दाचे आज दोन अर्थ चालतात आणि ते वेगळे करणे फार आवश्यक आहे.

पहिल्या अर्थाने, विश्व एकेकाळी अतिशय तप्त आणि दाट होते आणि तेव्हापासून प्रसरण पावत थंड होत आले आहे, एवढेच म्हणायचे असते. या अर्थाने महास्फोट भक्कम पुराव्यांवर उभा आहे. अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांतून प्रसरणशील विश्वाची उत्तरे काढली. जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये ती कल्पना दीर्घिकांच्या निरीक्षणांशी जोडली, आणि दीर्घिका जितकी दूर तितका तिच्या दूर जाण्याचा वेग अधिक, हा संबंध हबल यांनी १९२९ मध्ये मांडला. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांच्या निरीक्षणांतून सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) प्रारण जगासमोर आले. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे २.७ अंश आहे. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना ते पहिल्यांदा पारदर्शक झाले आणि तेव्हा मोकळा झालेला तो प्रकाश आहे. सामान्य द्रव्यात वस्तुमानाने सुमारे एक चतुर्थांश हेलियम का आहे, याचा हिशेबही पहिल्या काही मिनिटांतील अणुकेंद्रीय प्रक्रियांतून लागतो.

दुसऱ्या अर्थाने महास्फोट म्हणजे काळाचा पहिला क्षण, जेथे घनता अनंत होते. याला पहिल्या अर्थासारखा पुरावा नाही. समीकरणे मागे ताणत गेल्यावर जेथे ती कोलमडतात ती ही जागा आहे. शिवाय आज अनेक संशोधक असे मानतात की तप्त अवस्थेच्या आधी अतिवेगवान प्रसरणाचा एक टप्पा होऊन गेला. ही कल्पना ॲलन गुथ यांनी १९८१ मध्ये मांडली. ती खरी असेल तर पहिल्या अर्थाचा महास्फोट हा सर्वात आधीचा प्रसंगही उरत नाही.

‘स्फोट’ शब्दाने आणखी एक गैरसमज होतो. मोकळ्या मैदानात फटाका फुटावा तसे आधीच असलेल्या रिकाम्या जागेत द्रव्य फेकले गेले, असे त्यातून वाटते. प्रत्यक्षात दीर्घिकांमधली जागाच वाढते. तिला केंद्र नाही. ती अवस्था इथेच, नाशिकमध्येही, होती, सगळीकडे होती.

‘विश्व’ या शब्दाबाबत माझी सूचना अशी की शास्त्रीय विधान करताना शक्यतो ‘दृश्य विश्व’ म्हणावे. ज्याचा प्रकाश १३८० कोटी वर्षांत आपल्यापर्यंत पोहोचू शकला तेवढा हा भाग आहे. प्रवासादरम्यान प्रसरण चालूच राहिल्यामुळे त्याची त्रिज्या आज सुमारे ४६५० कोटी प्रकाशवर्षे भरते. त्यापलीकडे किती आहे, मर्यादित की अमर्याद, हे निरीक्षणातून ठरत नाही.

ओझरचा अभियंता
सोमवार, सकाळी ७.०५

मी आयुष्यभर विमानांच्या सुट्या भागांची मोजमापे केली, त्यामुळे माझा प्रश्न मोजमापाचा आहे. पुस्तकांत ‘पहिल्या सेकंदाचा अमुक इतकावा भाग’ अशी भाषा येते. सेकंद मोजायला काहीतरी नियमाने आंदोलन करणारी वस्तू लागते. जेथे अणूच नाहीत तेथे सेकंद कोणत्या घड्याळाचा? आणि अनंत घनता ही मोजलेली राशी आहे की हिशेबात कोठेतरी शून्याने भागल्याची खूण आहे? माझ्या कामात उत्तर अनंत आले तर आम्ही रचना तपासत असू. असा भाग जगात आहे असे मानत नसू.

गोदातीर
सोमवार, दुपारी ४.२०

आपला प्रश्न या चर्चेच्या मर्मावर आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

त्या अनंत घनतेच्या जागेला इंग्रजीवरून सिंग्युलॅरिटी म्हणतात. मराठीत तिला एकच रूढ शब्द नाही, आणि कदाचित ते बरेच आहे, कारण ‘बिंदू’ म्हटले की लोकांना इवलासा तप्त गोळा दिसू लागतो. कोलकात्याचे अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये एक समीकरण प्रसिद्ध केले. गुरुत्वाकर्षण आकर्षकच असेल तर एकमेकांजवळून जाणारे कणांचे किंवा प्रकाशाचे मार्ग कसे जुळत जातात, हे ते सांगते. त्याचा आधार घेऊन पेनरोझ यांनी १९६५ मध्ये कृष्णविवरांविषयी सिद्धांत दिला, आणि हॉकिंग व पेनरोझ यांनी १९७० मध्ये असा युक्तिवाद पूर्णत्वाला नेला की काही वाजवी अटी मान्य केल्यास आपल्यासारख्या विश्वात काही मार्ग भूतकाळात अमर्याद मागे नेता येत नाहीत. सिंग्युलॅरिटीची काटेकोर व्याख्या हीच आहे: जेथे मार्ग पुढे किंवा मागे वाढवता येत नाही अशी अपूर्णता. तेथे कोणती वस्तू आहे, हे त्या सिद्धांतात सांगितलेलेच नाही.

शून्याने भागण्याबद्दल आपण लिहिलेत, त्यावरून भास्कराचार्य आठवले. त्यांचा नातू चांगदेव याने सुरू केलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडला, म्हणजे ते आपल्या शेजारचेच. बीजगणितात ते शून्य हा छेद असलेल्या राशीला ‘खहर’ म्हणतात. या राशीत काही मिळवले किंवा तिच्यातून काही काढले तरी ती बदलत नाही, हे सांगताना ते दाखला देतात तो प्रलयकाळी जीव ज्याच्यात प्रवेश करतात आणि सृष्टिकाळी ज्याच्यातून बाहेर पडतात त्या अच्युताचा. बाराव्या शतकातील एका गणितज्ञाला शून्याने भागताना विश्वाची उत्पत्ती आठवावी, हे मला विलक्षण सुंदर वाटते. मात्र आजचे गणित खहराला अनंत ही किंमत देत नाही, ती क्रिया अव्याख्यात मानते. सिंग्युलॅरिटीबद्दल बहुसंख्य भौतिकशास्त्रज्ञांची भूमिका तशीच आहे. सापेक्षतेचा सिद्धांत तेथे स्वतःची मर्यादा दाखवतो, आणि त्या मर्यादेच्या पलीकडे गुरुत्वाकर्षणाचा पुंजसिद्धांत (क्वांटम सिद्धांत) लागेल, जो अद्याप आपल्याकडे नाही. ही मर्यादा प्लांक काळाच्या आसपास येते. तो एका सेकंदाला एकावर त्रेचाळीस शून्ये एवढ्या संख्येने भागल्यावर येणाऱ्या काळाच्या आगेमागे आहे.

आता घड्याळ. विश्वशास्त्रातला काळ म्हणजे प्रसरणाबरोबर वाहत जाणाऱ्या कल्पित निरीक्षकाच्या घड्याळाने मोजलेला काळ. अणू नसले तरी तापमान आणि घनता ठरावीक नियमाने उतरत असतात, आणि तेच घड्याळाचे काम करते. पहिल्या सेकंदापासून पुढचे हिशेब हेलियमच्या प्रमाणावरून पडताळून पाहता येतात. त्याआधी, सेकंदाच्या सुमारे लाख कोटीव्या भागापर्यंतच्या ऊर्जा आपण जिनिव्हाजवळच्या महाकाय कोलायडरमध्ये, म्हणजे कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रात, निर्माण करून पाहिल्या आहेत. त्याहून मागे जे लिहिले जाते ते उत्तरोत्तर अधिक तर्काधिष्ठित असते, आणि प्लांक काळाच्या पलीकडे ‘सेकंद’ या शब्दाला अर्थ आहे की नाही हेच ठरलेले नाही.

म्हणून ‘आरंभ’ या शब्दासाठी माझा प्रस्ताव: पुराव्याने जेथपर्यंत जाता येते त्या तप्त अवस्थेला ‘उगम’ म्हणावे, आणि काळाला पहिला क्षण होता या दाव्याला ‘आद्यक्षण’ म्हणावे. पहिले ज्ञात आहे. दुसरे खुले आहे.

अन्वीक्षा
सोमवार, रात्री ११.१५

मी न्यायशास्त्राची, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कपरंपरेची, अभ्यासक आहे. ‘शून्य’ या शब्दावर लिहिते, कारण ‘शून्यातून विश्व निर्माण झाले’ हे वाक्य मी विज्ञानप्रेमी आणि धर्मप्रेमी अशा दोघांकडूनही ऐकते आणि दोन्ही वेळा अस्वस्थ होते.

नैयायिकांनी अभावाचा जितक्या बारकाईने विचार केला तितका क्वचितच कोठे झाला असेल. त्यांचा पहिला नियम असा की अभाव हा नेहमी कशाचा तरी आणि कोठेतरी असतो. ‘नाही’ एवढे म्हणून भागत नाही. ‘या जमिनीवर घडा नाही’ असे म्हणावे लागते. ज्याचा अभाव तो प्रतियोगी आणि जेथे अभाव ते अधिकरण. मग ते चार प्रकार करतात. घडा घडण्यापूर्वी मातीत त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही पण घडा झाला की तो संपतो. घडा फुटल्यावरचा तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे पण शेवट नाही. वाऱ्याला रंग नसतो, कधीच नव्हता आणि नसणार, तो अत्यंताभाव. घडा म्हणजे वस्त्र नव्हे, हा अन्योन्याभाव.

आता ‘विश्व निर्माण होण्यापूर्वी काहीच नव्हते’ या वाक्याला हे मोजमाप लावून पाहावे. वक्त्याला प्रागभाव अभिप्रेत आहे, कारण ‘पूर्वी नव्हते, मग झाले’ असे तो म्हणतो. प्रागभावाला अधिकरण लागते. घड्याचा प्रागभाव मातीत राहतो. विश्वाचा प्रागभाव कशात राहिला? जर ‘विश्व’ या शब्दात जे जे आहे ते सर्व आले, तर अधिकरण म्हणून बाहेर काही उरत नाही. शिवाय ‘पूर्वी’ म्हणायला काळ लागतो, आणि काळही विश्वातच मोजला असेल तर तो शब्दही निराधार होतो. यावरून विश्व अनादि आहे असे सिद्ध होत नाही, हे मी आवर्जून सांगते. एवढेच दिसते की त्या वाक्याचा अर्थ आपल्याला वाटतो तितका सोपा नाही, आणि ‘विश्व’ शब्दाची व्याप्ती ठरवल्याशिवाय त्याला अर्थच येत नाही. दृश्य विश्वापुरते बोलायचे असेल तर अधिकरण मिळू शकते. सर्वस्वाबद्दल बोलायचे असेल तर मिळत नाही.

नासदीय सूक्ताचा उल्लेख कोणीतरी करीलच, म्हणून मीच करते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२९ वे हे सूक्त. ‘नासदासीन्नो सदासीत्तदानीम्’, म्हणजे तेव्हा असत् नव्हते आणि सत्‌ही नव्हते. ऋषी ‘काहीच नव्हते’ असे म्हणत नाही. ‘नसणे’ हा शब्दही तेथे लावण्यास तो नकार देतो. आणि शेवटच्या ऋचेत परम व्योमातील जो या सृष्टीचा अध्यक्ष, तो तरी हे जाणतो, किंवा कदाचित तोही जाणत नसेल, असे म्हणून थांबतो. या सूक्तात पुंजभौतिकी होती असे म्हणणे मला सूक्ताचा आणि भौतिकीचा, दोघांचाही अनादर वाटतो. त्या ऋचांचे मोठेपण प्रश्न इतका नेमका विचारण्यात आहे.

खोडदच्या वाटेवर
मंगळवार, सकाळी ८.५०

ताई, अधिकरणाचा मुद्दा मी आज पहिल्यांदा वाचला आणि त्याने भौतिकीतली एक गोष्ट मला अधिक स्पष्ट झाली.

भौतिकीत ‘शून्य’ किंवा ‘निर्वात’ म्हणजे (विद्युतचुंबकीय क्षेत्रासारख्या) क्षेत्रांची किमान ऊर्जेची अवस्था. तेथे अवकाश आहे, काळ आहे, क्षेत्रे आहेत, नियम आहेत. कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये दाखवले की निर्वातात अगदी जवळ ठेवलेल्या दोन विद्युतभाररहित धातूच्या पट्ट्यांमध्ये आकर्षण निर्माण होते, आणि पुढे ते मोजलेही गेले. ज्याचे परिणाम मोजता येतात त्याला ‘काहीच नाही’ म्हणता येणार नाही.

१९८२ मध्ये अलेक्झांडर विलेंकिन यांनी याच्याही पुढे जाऊन असा प्रस्ताव मांडला की अवकाशकालच नसलेल्या अवस्थेतून पुंजप्रक्रियेने लहानसे विश्व प्रकट होऊ शकते. पुढच्याच वर्षी हार्टल आणि हॉकिंग यांनी काळाला कडाच नसलेले विश्व सुचवले. दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय, हा प्रश्न जसा उद्भवत नाही, तसा आरंभाच्या आधी काय हाही उद्भवत नाही, असा त्याचा आशय. दोन्ही प्रस्तावांत जागा आणि काळ काढून घेतले तरी पुंजनियम शिल्लक राहतातच. ताईंच्या भाषेत, अधिकरण म्हणून नियम उरतात. नियम कोठे असतात, हा प्रश्न भौतिकीच्या बाहेरचा आहे की आतला, यावर माझे मत अजून बनलेले नाही.

द्राक्षबाग
मंगळवार, रात्री ९.४५

मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षे पिकवतो. शिक्षण विज्ञान शाखेत बारावीपर्यंत झाले, पण हा धागा दोन दिवस बायकोला आणि मुलीला वाचून दाखवतो आहे. चौथा शब्द ‘कारण’ राहिला आहे, त्याबद्दल विचारतो.

आमच्याकडे द्राक्षाचा वेल बियांपासून कोणी लावत नाही. जंगली जातीचा खुंट लावायचा आणि त्यावर हव्या त्या जातीची काडी भरायची. म्हणजे माझ्या बागेतली प्रत्येक काडी दुसऱ्या कोणाच्या तरी वेलावरून आली आहे, आणि ती त्याच्या आधीच्या वेलावरून. प्रत्येक वेलाचे कारण विचारले तर मी मागच्या वेलाकडे बोट दाखवू शकतो. पण द्राक्षाचे वेल मुळात का आहेत, असे मुलीने विचारले, तेव्हा मागच्या वेलाकडे बोट दाखवून तिचे समाधान झाले नाही. तिचे चुकले की माझे? आणि ऑक्टोबर छाटणी केली म्हणून घड आले असे मी म्हणतो, मातीमुळे आले असेही म्हणतो, आणि हवामानाने साथ दिली असेही म्हणतो. ही तिन्ही कारणेच ना? मग विश्वाचे कारण म्हणताना यातले कोणते विचारायचे असते?

अन्वीक्षा
बुधवार, सकाळी ६.३०

दादा, चूक तुमची नाही आणि मुलीचीही नाही. तिने एका वेलाचे कारण विचारले नव्हते, वेलांच्या संपूर्ण मालिकेचे विचारले होते. आपल्या परंपरेत याला बीजांकुरन्याय म्हणतात: बीजातून अंकुर, अंकुरातून बीज, आणि ही मालिका अनादि मानण्यात दोष नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात लायब्निझ यांनी १७१४ मध्ये तुमच्या मुलीचाच प्रश्न विचारला: काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? मालिका अनंत असली तरी ती मालिकाच का आहे, हा प्रश्न उरतो, असे त्यांचे म्हणणे. मालिकेतील प्रत्येक दुव्याचे कारण सांगितले की आणखी काही सांगायचे उरत नाही, असे मानणारेही मोठे तत्त्वज्ञ आहेत. हा वाद प्रसरणाची गती मोजून मिटणारा नाही.

छाटणी, माती आणि हवामान यांत तुम्ही जो भेद केलात तो न्यायशास्त्रात आहे. ज्यापासून वस्तू घडते ते समवायिकारण, जसे घड्याला माती. त्या भागांचा विशिष्ट संयोग हे असमवायिकारण. कुंभार, चाक, दंड ही निमित्तकारणे. तुमची छाटणी आणि हवामान निमित्तात येतील. भौतिकीत जेव्हा ‘कारण’ म्हणतात तेव्हा बहुधा आधीची अवस्था आणि तिला पुढे नेणारा नियम अभिप्रेत असतो. या अर्थाने आद्यक्षणाला कारण विचारणे अशक्य होते, कारण त्याच्या आधीची अवस्था नाही. ईश्वरवादी जेव्हा विश्वाचे कारण म्हणतो तेव्हा तो निमित्त विचारतो. वेदान्ती तर ब्रह्म हेच उपादान (ज्यापासून वस्तू घडते ते) आणि तेच निमित्त असे म्हणून कुंभार आणि माती यांतला भेदच नाकारतो. तिघे एकाच शब्दाने तीन गोष्टी मागत आहेत.

गोदातीर सरांच्या बैठकीतले दुसरे गृहस्थ ‘जे नाही ते होत नाही’ म्हणाले, ते सांख्यांचे सत्कार्यवादाचे मत आहे: कार्य कारणात आधीपासून असते, फक्त प्रकट होते, जसे तिळात तेल. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच विचारतो की असत्‌पासून सत् कसे होईल. पण नैयायिक हे मानत नाहीत. त्यांच्या मते घडा ही मातीत नसलेली, खरोखर नवी वस्तू आहे. तेव्हा ‘आपल्याकडे सांगून ठेवले आहे’ असे म्हणताना कोणी सांगितले, हेही सांगावे. आपल्याकडे एकच मत कधीही नव्हते.

त्रिरश्मी
बुधवार, दुपारी १.००

अन्वीक्षाताईंच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहितो. आपल्या शहराच्या कडेला त्रिरश्मीच्या डोंगरात, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो तेथे, दोन हजार वर्षांपूर्वी जे भिक्खू राहत होते त्यांच्या परंपरेत काही प्रश्न ‘अव्याकृत’ म्हणून बाजूला ठेवलेले आहेत. लोक शाश्वत आहे की अशाश्वत, अंतवान की अनंत, हे त्यांत येतात. बाण लागलेल्या माणसाने तो कोणी मारला, धनुष्य कोणत्या लाकडाचे होते हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही असे म्हणावे, तशी त्या प्रश्नांत अडकलेल्याची अवस्था असते, असा तेथे दृष्टांत आहे. दुःखनिवारणाला उपयोग नाही म्हणून उत्तर दिलेले नाही. प्रश्न निरर्थक आहे असे त्यात म्हटलेले नाही. अठराव्या शतकात कांट वेगळ्या वाटेने याच्या जवळ आले. जगाला काळात आरंभ आहे आणि नाही, या दोन्ही बाजू सारख्याच ताकदीने मांडता येतात, यावरून आपली बुद्धी आपल्या मर्यादेबाहेर गेली आहे असे त्यांनी दाखवले. उलट म्हसरूळच्या गजपंथाला ज्या जैन परंपरेचे लोक येतात ती स्पष्ट सांगते की विश्व अनादि आहे आणि त्याला कर्ता नाही.

एक दुरुस्तीही सुचवतो. बौद्धांच्या ‘शून्यता’ शब्दाचा ‘काहीच नाही’ असा अर्थ घेऊन तो येथे आणू नये. नागार्जुनांच्या विचारात शून्यता म्हणजे वस्तूंना स्वतंत्र, स्वयंभू स्वभाव नसणे. तो विश्वाच्या आरंभाविषयीचा दावाच नाही.

ओझरचा अभियंता
बुधवार, सायंकाळी ६.४०

अनेक विश्वांच्या कल्पनेबद्दल कोणी लिहिले नाही, ते मला योग्य वाटते. तेथे ‘विश्व’ शब्दाचा तिसराच अर्थ येतो आणि मोजता येईल असे काही अद्याप हाती नाही. एक मात्र विचारतो. २००३ मध्ये एक प्रमेय सिद्ध झाले आणि त्यामुळे विश्वाला आरंभ असलाच पाहिजे, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. त्याचे काय?

खोडदच्या वाटेवर
बुधवार, रात्री १०.०५

काका, ते बोर्ड, गुथ आणि विलेंकिन यांचे प्रमेय. सरासरीने प्रसरण पावत आलेल्या अवकाशकालात मागे जाणारे बहुतेक मार्ग मर्यादित लांबीचेच असतात, असे ते सांगते. म्हणजे केवळ प्रसरणाच्या भाषेत सगळा भूतकाळ सांगता येत नाही. त्या कडेपलीकडे आद्यक्षण आहे, आकुंचनाचा टप्पा आहे की काही निराळेच भौतिक वर्तन आहे, हे प्रमेय ठरवत नाही. गोदातीर सरांची व्याख्या येथे उपयोगी पडते: प्रमेय उगमाच्या मागे एक सीमा दाखवते, आद्यक्षण सिद्ध करत नाही.

गोदातीर
गुरुवार, सकाळी ७.३०

डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नाशकात ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले आणि त्याचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकरांकडे होते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम केलेल्या नारळीकरांना ‘सर्व विश्व एका क्षणी निर्माण झाले’ हे मान्य नव्हते. १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि त्यांनी मिळून आरंभाविना चालणारे एक विश्वप्रारूप मांडले. पार्श्वभूमीवरच्या सूक्ष्मतरंगांचे तपशील त्यात समाधानकारक बसत नाहीत म्हणून बहुतेक विश्वशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही, आणि मीही स्वीकारत नाही. पण २० मे २०२५ रोजी ते गेल्याची बातमी वाचली तेव्हा मला जाणवले की ‘आरंभ’ हा शब्द गृहीत धरू नये, हे शिकवणारा मराठीतला आपला सर्वात मोठा आवाज थांबला. ‘बिग बँग’ हे नाव १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरील भाषणात ज्यांनी उच्चारले ते हॉइल स्वतः त्या सिद्धांताचे विरोधक होते, हेही लक्षात असावे.

दुसऱ्या बाजूला लमेत्र. ते कॅथलिक धर्मगुरू होते, आणि आदिअणूची, म्हणजे सारे विश्व एका मूळ अणूपासून सुरू झाले ही, कल्पना त्यांनीच १९३१ मध्ये मांडली. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी नव्या विश्वशास्त्राची सांगड ईश्वरी निर्मितीशी घातली, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, ही त्यांची भूमिका होती. उगम आणि निर्मिती हे दोन अर्थ त्यांनी श्रद्धावान असूनही वेगळे ठेवले. आमच्या बैठकीत आम्हाला ते जमले नाही.

आता फळ्यावरचे वाक्य नव्याने लिहितो, तपासून द्यावे: ‘सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी दृश्य विश्व अतिशय तप्त आणि दाट अवस्थेत होते आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत निवत आले आहे, त्या अवस्थेच्या आधी काय होते, आणि ‘आधी’ हा शब्द तेथे लागू पडतो का, हे अजून ठरलेले नाही.’

द्राक्षबाग
गुरुवार, रात्री ८.५५

सर, वाक्य मुलीला वाचून दाखवले. ती दहावीत आहे. तिला सगळे समजले, पण ‘दृश्य’ म्हणजे डोळ्यांनी दिसणारे का, असे तिने विचारले. आमच्या बागेतून रात्री जेवढे तारे दिसतात तेवढेच विश्व, असा तिचा समज झाला.

खोडदच्या वाटेवर
गुरुवार, रात्री ९.२०

तिचे बरोबर आहे, ती चूक माझ्या शब्दाची आहे. बागेतून नुसत्या डोळ्यांनी दिसणारे जवळपास सगळे आपल्या एकाच आकाशगंगेतले आहे. ‘दृश्य विश्व’ काढून ‘ज्या भागातून निघालेला प्रकाश आजवर आपल्यापर्यंत पोहोचू शकला आहे, तो विश्वाचा भाग’ असे लिहावे. वाक्य लांब होईल, पण तिला पुन्हा विचारावे लागणार नाही.

गोदातीर
गुरुवार, रात्री ९.४०

तसे बदलले. पुढच्या रविवारी बैठकीच्या सुरुवातीला हेच वाक्य वाचतो.